हरलेल्याने उरलेली दुपार काय करायची?

पत्र थोडक्यात: वाचक सांगलीचे, वय ३६, हळदीच्या एका पेढीवर हिशेब लिहितात. सहा वर्षांपासून विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये पूल खेळतात, म्हणजे टेबलावरचे बॉल क्यू नावाच्या काठीने कडेच्या पॉकेटांत घालायचा खेळ. स्वतःबद्दल म्हणतात, 'मधला खेळाडू. सलग चार बॉल गेले तर तो दिवस चांगला.' गेले चार महिने ते एका रविवारी हॉलवर एट-बॉलची स्पर्धा भरवतात (पूलचाच प्रकार, आपल्या वाट्याचे सात बॉल घालून शेवटी काळा आठ नंबरचा घालायचा). तीन टेबलं, एरवी तासाला १२० रुपये. स्पर्धेची प्रवेश फी ३००, पहिलं बक्षीस ३०००, दुसरं १०००. बाद पद्धत, तीन फ्रेम (म्हणजे डाव) आधी जिंकेल तो पुढे. पहिल्या वेळी १६ जण आले, मग पुन्हा १६, मग ११, परवा ९. चारही वेळा फायनलला तेच दोघं. त्यांतल्या एकानेच यांना क्यू धरायला शिकवलं. बाकीचे म्हणतात, त्या दोघांना बंदी घाला. हॉलमालक म्हणतात, ते नसतील तर बघण्यासारखं काय उरलं? फक्त 'कच्च्या' खेळाडूंची वेगळी स्पर्धा घ्यावी असं यांच्या मनात आहे. पण यादी कोणी करायची आणि मित्राला काय सांगायचं, इथे गाडी अडली आहे. शेवटी एक ओळ आहे: 'खरं सांगतो, मलाही एकदा जिंकायचंय. हे कुणाला बोललेलो नाही.'

नमस्कार.

शेवटच्या ओळीचं आधी बोलून घेतो, म्हणजे ती मधेमधे टोचणार नाही. जिंकावंसं वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याला जिंकायचंच नाही तो रविवारची झोप मोडून स्पर्धा कशाला भरवेल? फक्त खेळाडू म्हणून असलेली हौस आणि संयोजक म्हणून घ्यायचा निर्णय एकाच खिशात ठेवू नका. 'त्या दोघांना काढा' हा विचार कुठल्या खिशातून निघाला, ते एकदा चाचपून बघा. यावर शेवटी येतोच.

आता तुमचे आकडे. १६, १६, ११, ९. यावरून तुम्ही ठरवलंत की लोक हरून कंटाळले. त्यांनीही तुम्हाला तेच सांगितलं असणार. पण एखाद्या ठिकाणी जाणं आपण का सोडलं, हे माणसाला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. तोंडावर येईल ते तो सांगतो. तुमच्या पत्रात एक आकडा नाही आणि मला नेमका तोच हवा होता. त्या दिवशी प्रत्येक जण खेळला किती?

हिशेब हा तुमचा रोजचा धंदा, तेव्हा मांडून बघू. बाद पद्धतीत १६ जणांचे एकूण १५ सामने होतात. त्यातले आठ पहिल्या फेरीचे, म्हणजे आठ जण एकेक सामना खेळून मोकळे. त्यांतला एक तुमच्या त्या दोघांपैकी कुणाच्या तरी समोर आला, तीन-शून्यने गेला. अशी फ्रेम सात-आठ मिनिटांत उरकते. एकूण वीस-पंचवीस मिनिटं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त खुर्चीत. त्याने मारलेले शॉट मोजलेत तर दहा-बारा भरतील. यासाठी त्याने ३०० रुपये मोजले. तेवढ्या पैशात तो तुमच्याच हॉलमध्ये अडीच तास एकटा खेळला असता, हवे तसे बॉल मांडून.

हे मला फार उशिरा कळलं. ऐंशीच्या दशकात गावभागात आम्ही गणपतीत कॅरमच्या स्पर्धा घ्यायचो. ३२ नावं, बाद पद्धत, सगळं एका रात्रीत. एका वर्षी खणभागातले एक शिंपीकाका आले. सणाचे दिवस, शिलाईची घाई, तरी दुकान लवकर बंद करून आलेले. स्वतःचा स्ट्रायकर इस्त्रीच्या रुमालात गुंडाळून आणलेला. त्यांची पाळी यायला साडेआठ वाजले. समोर कॉलेजातला एक पोरगा पडला आणि अर्ध्या तासात खेळ आटोपला. काकांनी बोटांची पावडर पुसली, स्ट्रायकर रुमालात ठेवला, रुमालाच्या चार घड्या घातल्या आणि मला विचारलं, "आता काय असतं?" मी म्हणालो, "आता बसा की बघत." थोडा वेळ बसले. मग बघतो तर दाराशी चपला शोधतायत. पुढच्या वर्षी ते आले नाहीत. आम्ही म्हटलं, काकांना हार झोंबली. त्यांनी सरळ प्रश्न विचारला होता, आणि आमच्याकडे त्याला उत्तर नव्हतं. हा साधा मुद्दा डोक्यात शिरायला मला पुढची दहा वर्षं लागली.

पूलमध्ये हे जास्त बोचतं. बुद्धिबळात समोर ग्रँडमास्टर बसला तरी तुमची चाल तुम्हाला मिळतेच. कुस्तीत अंगाला माती तरी लागते. कॅरम आणि पूल हे दोन खेळ मात्र असे की समोरच्याचं जमत राहिलं तर तुम्हाला हातच लावायला मिळत नाही. कॅरममध्ये त्याला व्हाइट स्लॅम म्हणून टाळ्या वाजवतात, पूलमध्ये ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, मारून सगळं टेबल साफ करतात. बघणाऱ्याला मजा, समोरच्याला खुर्ची. 'हरूनच माणूस शिकतो' हे हॉलवर उठताबसता ऐकू येतं. पण शॉट चुकला तर त्यातून काही शिकता येतं. खुर्चीत बसून शिकायला मिळतं ते फक्त समोरच्याच्या क्यूला खडू कसा लावलाय एवढंच.

सांगलीत याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली सुरू केलेलं नूतन बुद्धिबळ मंडळ आपल्याच गावात आहे. या गावातल्या कितीतरी घरांत स्विस पद्धत म्हणजे काय हे शाळकरी पोरही सांगेल. पहिल्या फेरीत हरलेला घरी जात नाही, दुसऱ्या फेरीत तो हरलेल्याच्याच समोर बसतो. फेऱ्या संपेपर्यंत शेवटच्या पाटावरचा पोरगाही खेळतच असतो. आणि १६०० च्या आतल्या रेटिंगवाल्यांची वेगळी स्पर्धा, ही बुद्धिबळात इतकी नेहमीची गोष्ट आहे की तिथे कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. कुणी तिला 'कच्च्यांची' म्हणत नाही. आकडा सांगतात, बस्स.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल हॉलवर कुणी बोलत नाही. आपल्याकडे रिवाज काय? हरेल तो टेबलाचे पैसे देणार. म्हणजे सोमवार ते शनिवार कमी खेळणारा चांगल्या खेळाडूच्या सरावाचं भाडं भरतो. रविवारी तोच ३०० रुपये देऊन त्याच्या बक्षिसाची वर्गणी भरतो. तुमच्या १६ जणांच्या ४८०० पैकी ४००० रुपये दोन माणसांच्या घरी गेले, ८०० हॉलला. ती दोन माणसं कोण असणार हे सकाळीच सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दोघांचा यात दोष नाही. नियम तुम्ही लिहिलेत, ते त्याप्रमाणे खेळले.

तेव्हा बंदीचा विचार क्षणभर बाजूला ठेवा आणि आधी स्पर्धेचा साचा बदला. तुमच्याकडे तीन टेबलं आहेत. १२ जण घ्या, चार-चारांचे तीन गट पाडा, प्रत्येक गटाला एक टेबल देऊन टाका. गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, दोन फ्रेम आधी जिंकेल तो सामना जिंकला. एका टेबलावर सहा सामने होतात. साध्या खेळाडूंची फ्रेम सरासरी १२ मिनिटं धरा, सगळे सामने तीन-तीन फ्रेमपर्यंत ताणले तरी पावणेचार तासांत गट संपतात. तिन्ही गटांतले पहिले आणि दुसऱ्यांमधला सगळ्यांत सरस एक, असे चौघं सेमीफायनलला. तिथून पुढे तीन फ्रेम आधी जिंकेल त्याचा सामना. बाराला सुरुवात केलीत तर सहाच्या आत उठाल. एकूण सामने २१, आणि सगळ्यांत वाईट खेळलेला माणूसही तीन सामने, निदान सहा फ्रेम खेळून घरी जातो.

बरोबर १२ येणार नाहीत, हे मलाही कळतं. ९ आले, जसे परवा आले, तर तीन-तीनांचे गट करा आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी दोनदा खेळवा. टेबलावर सामने तेवढेच, सहा. माणशी चार सामने. ११ आले तर तिघांचा जो गट होईल त्याला दोनऐवजी तीन फ्रेमचे सामने द्या. सेमीफायनल चालू असताना तिसरं टेबल रिकामं असतं. तिथे बाहेर पडलेल्यांच्या जोड्या लावा, एक शॉट एकाचा, पुढचा जोडीदाराचा. स्कॉच डबल्स म्हणतात याला. हसण्यावारी चालणारा खेळ आहे, पण 'आता काय असतं' याचं हे उत्तर आहे.

ब्रेक आलटून पालटून ठेवा. 'जिंकेल त्याचा ब्रेक' हा नियम तगड्या खेळाडूला आणखी तगडा करतो. टेबलं चिठ्ठी टाकून वाटा आणि प्रत्येकाला पाच मिनिटं हात साफ करायला द्या. प्रत्येक हॉलमध्ये एक टेबल असं असतंच, जिथे हळू मारलेला बॉल कडेला वळतो. रोज येणाऱ्याला तो उतार पाठ असतो आणि महिन्याने येणाऱ्याला तो फायनलला कळतो. पावसाळ्यात कापड ओलसर झालं की बॉल वीतभर अलीकडेच थांबतात, तेही त्या पाच मिनिटांत हाताला कळू द्या.

नियमांचा कागद आदल्या रात्रीच ग्रुपवर टाका आणि सकाळी भिंतीला चिकटवा. छोट्या स्पर्धांतली भांडणं खेळावरून कमी आणि 'आमच्याकडे असं नसतं' यावरून जास्त होतात. कुणी स्नूकरवरून आलेला, कुणी मोबाइलवर शिकलेला, कुणी हॉस्टेलच्या टेबलावर. फाउल झाला की एक म्हणतो पांढरा बॉल हातात घेऊन कुठेही ठेव, दुसरा म्हणतो दोन शॉट मिळतात. जागतिक नियमांत पांढरा हातात मिळतो, तोच ठेवा. पॉकेट सांगून मारायचा नियम सगळ्या बॉलना लावू नका, नवख्यांचा निम्मा वेळ बोट दाखवण्यात जातो. फक्त काळ्याला लावा. आणि ब्रेकवर काळा गेला तर? आपल्याकडे कुणी 'जिंकलो' म्हणून क्यू उंचावतो, कुणी म्हणतो 'हरलास'. जागतिक नियमांत दोन्ही नाही. फाउल नसेल तर ब्रेक करणाऱ्याने ठरवायचं, काळा परत जागेवर ठेवून पुढे खेळायचं की पुन्हा ब्रेक करायचा. पंच नेमायची गरज नाही. त्या गटातले जे दोघं बसलेत त्यांतल्या एकाने वही धरावी. त्या वहीत प्रत्येक फ्रेम नोंदवा, तिचं काम पुढे आहे.

आता ते दोघं.

कायमची बंदी मला पटत नाही. चांगला खेळ जवळून बघायला मिळणं हीसुद्धा हॉलची कमाई असते, आणि आज दोघांना काढलंत तर उद्या तिसरा जिंकायला लागेल. मग त्यालाही काढणार? पण ते असताना सगळ्यांना एकाच मापात मोजणं हेही बरोबर नाही. कुस्तीच्या मुलखातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. जत्रेतल्या मैदानात नंबर एकची कुस्ती शेवटी लागते. त्याआधी दुपारभर पोराटोरांच्या कुस्त्या चालतात, नारळावर, रेवड्यांवर, दहा-वीस रुपयांवर. तिथे पंच काय करतात? दोन्ही पोरांना खांद्याला खांदा लावून उभं करतात, दंड चाचपतात, वस्तादाकडे बघतात आणि मग जोड लावतात. विजोड कुस्ती लावली तर लोक शिट्या पंचांना मारतात, हरलेल्या पोराला नाही. तुमच्या हॉलमध्ये त्या शिट्या कुणी वाजवत नाही. लोक यायचे थांबतात, इतकाच फरक.

पूलमध्ये जोड लावायचा एक सोपा मार्ग म्हणजे दोघांना वेगवेगळं अंतर धावायला देणं. बलवान खेळाडूने पाच फ्रेम जिंकायच्या, दुसऱ्याने तीन. याने कितीसा फरक पडतो, असं वाटेल, म्हणून गणित सांगतो. अमेरिकेतल्या फार्गोरेट या गुणांकनात दोघांमध्ये १०० गुणांचं अंतर असेल तर वरचा खेळाडू खालच्याच्या एका फ्रेममागे दोन जिंकेल, असा हिशेब असतो. तुमच्या हॉलमधला चांगला आणि मधला खेळाडू यांच्यात एवढं अंतर आहे असं धरू. दोघांनाही पाच फ्रेम दिल्या तर मधला शंभरातले १४-१५ सामने जिंकेल. पाच विरुद्ध तीन केलंत तर ४३. आणि दोघांनाही दोनच फ्रेमचा छोटा सामना दिलात तर २६. म्हणजे सामना जितका लांब, तितका तगड्याचा फायदा. छोट्या सामन्यात धक्के बसतात, आणि ज्यांच्यासाठी तुम्ही हे करताय त्यांना असा एखादा धक्का देता आला की ते महिनाभर त्याच गोष्टी सांगत बसतात.

हॉलवर कुणीतरी म्हणेलच, 'ही काय भीक आहे का?' त्याला सांगा, बिलियर्ड्सच्या जुन्या क्लबांमध्ये समोरच्याला गुणांचा स्टार्ट देऊन खेळायची पद्धत होती, आणि स्टार्ट देणाऱ्याला त्यात मान वाटायचा.

मग असं करा. प्रत्येकाला एक आकडा द्या, दोन, तीन, चार किंवा पाच. ज्याचा आकडा तीन, त्याने खुल्या स्पर्धेत कुणाशीही खेळताना तीन फ्रेम जिंकायच्या. तुमचे ते दोघं पाच. एका महिन्यात खुली स्पर्धा घ्या, या आकड्यांनी, सगळ्यांसाठी. खुल्या स्पर्धेत सामने लांबतील, तेव्हा आठच जण घ्या, नाहीतर रात्री हॉलमालक दिवे मालवायला लागतील. पुढच्या महिन्यात 'तीनपर्यंत'ची स्पर्धा, ज्यात आकडा दोन किंवा तीन असलेलेच खेळतील, वर सांगितलेल्या गटांच्या साच्यात. नाव हेच ठेवा, 'तीनपर्यंत'. 'कच्च्यांची', 'नवशिक्यांची', 'बी ग्रेड' असलं काही पोस्टरवर लिहू नका. तीस वर्षं नोकरी करून आलेला माणूस कच्चा लिंबू म्हणवून घ्यायला रविवारी घराबाहेर पडत नाही.

यादी एकट्याने करू नका. तुम्ही, हॉलवर रोज टेबलं लावणारा मुलगा आणि त्या दोघांपैकी एक, असे तिघं बसा. टेबलं लावणाऱ्या मुलाला विसरू नका. कोण कसं खेळतो हे त्याला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असतं, आणि त्याला कुणी विचारत नाही. पहिल्या यादीत चुका होतील. वहीतल्या फ्रेम बघून दुरुस्त करा, पण दोन स्पर्धांच्या मधे, स्पर्धा चालू असताना कधीच नाही. 'तीनपर्यंत' जिंकला त्याचा आकडा लगेच एकाने वर. खाली यायचं असेल तर सलग दोनदा गटात शेवटचा यावा लागेल. वर पटकन, खाली सावकाश, हे मुद्दाम ठेवलंय. हात राखून खेळणारे निघतात, म्हणजे दोन महिने ढिसाळ मारून आकडा पाडून घेणारे आणि मग बक्षिसाच्या दिवशी हात मोकळा सोडणारे. त्यांना सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे बक्षीसच असं ठेवा की त्यासाठी कुणाला नाटक करावंसं वाटणार नाही.

म्हणजे पैशांकडे या. फी ३०० वरून २०० करा. १२ जणांचे २४०० होतात. वरच्या साच्यात टेबलं साधारण सोळा तास चालतात, तासाला १२० ने १९२० रुपये हॉलला. १६ जण आले तेव्हाही मालकांना ८०० च मिळाले होते, तेव्हा 'बघण्यासारखं काय उरलं' या प्रश्नाचं उत्तर तुम्ही गल्ल्यातून देऊ शकता. उरलेल्या ४८० मध्ये चहा, भडंग आणि खडूची पेटी. रोख बक्षीस नको. विजेत्याला चार तास टेबल मोकळं द्या, मालकांनी ठरवलेल्या रिकाम्या वेळेत. त्यांना त्याचा काही खर्च पडत नाही, आणि जिंकलेल्याला जे हवं असतं तेच मिळतं, आणखी खेळ.

बाकावर बसून दुसऱ्याच्या फ्रेमवर पैजा लागतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लागत असतील तर पहिल्याच दिवशी बंद करा, हसत हसत नाही, स्पष्ट शब्दांत. १८८७ च्या जुगारबंदी कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. ती तुमच्या स्पर्धेला कामी येईल, पण बघ्यांच्या पैजांनाही ती लागू होते अशा भ्रमात राहू नका. हॉलचा परवाना मालकांच्या नावावर असतो, निस्तरायची वेळ आली तर ती त्यांच्यावर येईल.

पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की पहिल्या स्पर्धेला इंजिनिअरिंगच्या दोन मुली आल्या होत्या, नंतर नाही आल्या. त्यांना तुम्ही 'शौकिया' म्हणालात. त्या येईनाशा का झाल्या, हे विचारलंत का? माझा अंदाज, फायनल साडेनऊला संपली, दारात सिगरेटींचा धूर आणि संडासाला कडी नाही, यांतलं काहीतरी. जगज्जेता होणारा पहिला भारतीय खेळाडू, कुठल्याही खेळातला, हा पुण्यात जन्मलेला बिलियर्ड्सपटू होता, विल्सन जोन्स, १९५८ साली. पण हे त्या मुलींच्या आईवडिलांना सांगून उपयोग नाही. त्यांना स्पर्धा किती वाजता संपते ते सांगा, आणि त्या वेळेला संपवा.

राहिला मित्र. इथे तुम्ही उगीच मोठा डोंगर उभा केलाय असं मला वाटतं. तुम्ही धरून चाललाय की त्याला राग येईल. येईलही, दोन दिवस. पण चार महिने त्याच एका माणसाशी फायनल खेळून तोही कंटाळला नसेल कशावरून? त्याने तुम्हाला शिकवलं ते तुम्ही कायम त्याला बघत बसावं म्हणून नव्हे. ग्रुपवर मेसेज जाण्याआधी त्याला भेटा, चहाच्या गाड्यावर, दुसरं कुणी नसताना. 'लोक म्हणतायत' अशी सुरुवात करू नका, ती पळवाट आहे आणि त्याला ते लगेच कळेल. सरळ म्हणा, "तू खेळतोस तेव्हा आम्ही खुर्चीत असतो आणि पैसे आमचे जातात. एक महिना आम्हाला आमच्यात खेळू दे. पुढच्या महिन्यात तू ये, पण तू पाचला खेळायचं आणि मी तीनला." यादी करायला बसशील का, हे तेव्हाच विचारा. आणि कृपा करून त्याला त्या रविवारी पंच म्हणून उभं करू नका, 'मान म्हणून'. ज्याला खेळायचंय त्याला शिट्टी देणं हा मान नसतो. त्याला हवं असेल तर तो आपणहून येईल आणि स्कॉच डबल्समध्ये कुणाचा तरी जोडीदार होईल. शिंपीकाकांसारखा एखादा त्याच्या जोडीने खेळला तर ती संध्याकाळ दोघांच्याही लक्षात राहील.

आणि आता तुमची ती ओळ. पहिल्या दोन स्पर्धा तुम्ही खेळू नका. वही धरा, चहा सांगा, भांडणं मिटवा. साचा नवा असताना संयोजकच जिंकला तर यादी कितीही सचोटीने केलेली असली तरी कुणी विश्वास ठेवणार नाही. तिसऱ्या वेळी नाव द्या. तुमचा आकडा ठरवायची वेळ आली की खोलीबाहेर जा आणि यादी करणाऱ्या बाकी दोघांना ठरवू द्या. तुम्हाला वाटतंय तुम्ही तीन आहात, सगळं पत्र तुम्ही तसं धरूनच लिहिलंय. पण सलग चार बॉल घालणारा माणूस आहात, ते चार म्हणण्याची शक्यता बरीच आहे. तसं झालं तर 'तीनपर्यंत'मध्ये तुम्हाला जागा नाही. तुम्हाला खुल्या स्पर्धेत उतरावं लागेल, आणि तिथे पाचवाल्या मित्राशी गाठ पडली तर तुमच्या हातात एका फ्रेमची सवलत असेल. त्या निकालावर वाद घालू नका. क्यूचं टिप बदलून घ्या आणि रोज संध्याकाळी अर्धा तास ब्रेकचा सराव सुरू करा.